हलक्या हाताचा उपचार

उजव्या स्तनाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा स्तनाबरोबर काखेतील लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड्स) काढाव्या लागल्या. त्यानंतर केमोथेरपी झाली, रेडिएशन झाले, केस परत आले, मी शाळेत पुन्हा रुजू झाले. आजारपण संपले असे घरातील सगळे मानू लागले असतानाच उजवा हात जड वाटू लागला. सुरुवातीला सूज अशी डोळ्यांना दिसत नव्हती. पण दुपारपर्यंत फळ्यावर लिहून झाले की दंडाच्या मागच्या बाजूला ठणका लागे, बोटातील अंगठी आवळू लागे आणि संध्याकाळी ब्लाऊज काढताना बाहीच्या काठाचा वळ दंडावर उठलेला असे. रात्री हात उशीवर उंच ठेवून झोपले की सकाळी तो पुन्हा पूर्वीसारखा होई. काही महिन्यांनी मात्र तो सकाळीही उतरेनासा झाला, आणि मनगटाच्या वर बोटाने दाबले की तेथे पडलेला खळगा लवकर भरून येईना.

या सुजेला लिम्फिडिमा म्हणतात. काखेतील ग्रंथी काढून टाकलेल्या साधारण पाच स्त्रियांपैकी एकीला ती पुढे केव्हा तरी होते. कोणाला काही महिन्यांत, तर कोणाला कित्येक वर्षांनी. काखेवर रेडिएशनही झाले असेल, तर ही शक्यता वाढते. माझ्या शल्यचिकित्सकांनी प्रथम दोन गोष्टी पाहून घेतल्या: काखेत कर्करोग पुन्हा उद्भवलेला नाही ना, आणि हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी नाही ना. दोन्ही शंका फिटल्यावर, या सुजेवरील उपचारांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या पुण्यातील एका फिजिओथेरपिस्टकडे त्यांनी मला पाठवले. साताऱ्यात, जिथे मी राहते, तेव्हा असे प्रशिक्षण घेतलेले कोणी मला सापडले नाही.

तोपर्यंत घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सल्ले सुरू झालेच होते. अंग दुखले की रगडून घ्यावे, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेले असते. बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईंची ख्यातीसुद्धा त्यांच्या हातात जोर किती यावरच ठरते. "अगं, तेल कोमट करून चांगलं रगडून घे आणि वरून शेक दे, उतरेल सूज," असे आत्याने अगदी कळवळून सांगितले. परंतु लिम्फिडिमा झालेल्या हाताला जोराचे रगडणे आणि शेक या दोन्ही गोष्टी अपायकारक ठरू शकतात. उष्णतेने त्या भागाकडे येणारे रक्त वाढते, त्याबरोबर केशवाहिन्यांतून बाहेर झिरपणारा द्रवही वाढतो, आणि तो वाहून नेणारी वाट तर आधीच अपुरी पडलेली असते. दुसरा सल्ला लघवी साफ होण्याच्या गोळ्यांचा होता. त्या गोळ्या शरीरातले पाणी कमी करतात, पण हातात साचलेल्या द्रवातील प्रथिने तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात, हे डॉक्टरांनी नीट समजावून दिले होते, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

पहिल्या टप्प्यातील उपचार जवळजवळ रोज घ्यावे लागतात. त्यामुळे शाळेतून रजा घेऊन मी पुण्याला धाकट्या बहिणीकडे राहिले. पहिल्या भेटीत हाताला उपचार असा काही झालाच नाही. मॅडमनी (तेथे येणारे सगळे रुग्ण त्यांना मॅडमच म्हणत) माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून काखेपर्यंत दर चार सेंटिमीटरवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर टेपने घेर मोजून लिहून घेतला. कोपराच्या जरा खाली उजव्या हाताचा घेर डाव्यापेक्षा ३.५ सेंटिमीटरने जास्त भरला. उजवा हात वापरणाऱ्यांचा तो हात मुळातच थोडा भरदार असतो, हेही त्यांनी हिशेबात धरले. मग बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, कोपराची त्वचा बारकाईने तपासली. हात कधी एकाएकी लाल आणि गरम झाला होता का, थंडी वाजून ताप आला होता का, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा काही आजार आहे का, असे एकेक विचारले. त्वचेखालच्या संसर्गाची जराही शंका असेल, तर तो प्रतिजैविकांनी आटोक्यात आल्याशिवाय त्या हात लावत नसत. शिरेत ताजी गुठळी असेल किंवा हृदयाचा आजार आटोक्यात नसेल, तरीही हा उपचार करता येत नाही.

सगळे लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, उपचार फक्त हाताला नाही. मानेला, पोटाला, छातीला, व्रणाच्या आजूबाजूलाही हात लावावा लागेल. चालेल ना? नको वाटलं तर कधीही सांगा, मी लगेच थांबेन." हे शब्द ऐकून माझा कंठ दाटून आला. शस्त्रक्रियेपासून माझ्या छातीला जितके हात लागले होते, ते तपासण्यासाठी, टाके काढण्यासाठी, रेडिएशनच्या खुणा करण्यासाठी लागले होते. ते सगळे आवश्यकच होते आणि त्यांनीच मला वाचवले. पण आधी विचारून आणि थांबण्याचा अधिकार माझ्याकडे ठेवून लागलेला हा पहिला हात होता. उपचाराचा हा भाग कोणत्याही पुस्तकात मोजून दाखवता येणार नाही, तरी तो मला फार मोलाचा वाटतो.

प्रत्यक्ष उपचाराला मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज असे नाव आहे. मला पलंगावर उताणे निजवून, उजव्या हाताखाली उशी देऊन मॅडम डोक्याशी उभ्या राहिल्या. तेल नाही, क्रीम नाही. सुजलेल्या हाताकडे त्या वळल्यासुद्धा नाहीत. दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या वरच्या खळग्यांत त्यांनी बोटे सपाट टेकवली आणि त्वचा किंचित ताणून सोडून दिली. पुन्हा ताणली, पुन्हा सोडली. हात त्वचेवरून घसरत नव्हता. त्वचाच त्या हाताबरोबर थोडी सरके आणि आपली आपण मागे येई. पुढे मानेच्या दोन्ही बाजू झाल्या. मग पोटावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आता श्वास पोटात घ्या, माझा हात वर उचलला गेला पाहिजे." त्यानंतर डावी काख, म्हणजे निरोगी बाजूची, आणि मग उजवी जांघ. अर्ध्याहून अधिक वेळ निघून गेला, तरी ज्या हातासाठी मी आले होते त्याला स्पर्श झालेला नव्हता.

यामागचे कारण त्यांनी काम करता करता सांगितले. पाटाचे पाणी तुंबले असेल तर आधी शेवटाकडचा बांध मोकळा करावा लागतो. वरून फावड्याने कितीही ढकलले तरी पाणी पुढे जात नाही. लसिकेचेही तसेच आहे. शरीरातील पेशींभोवती झिरपलेल्या द्रवाचा जो भाग शिरांत परत जात नाही, तो लसिकावाहिन्या गोळा करतात. वाटेतल्या ग्रंथींमधून गाळून आलेली ही लसिका शेवटी मानेच्या पायथ्याशी, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या शिरांत रिकामी होते. दोन्ही पाय, पोट, डावी छाती आणि डावा हात यांची लसिका डाव्या बाजूच्या शिरेत येते. उजवा हात, उजवी छाती आणि डोक्या-मानेचा उजवा भाग यांची उजव्या बाजूच्या शिरेत. म्हणून सुरुवात मानेपासून. खोल श्वासाने छातीतील आणि पोटातील दाब कमी-जास्त होतो आणि शरीराच्या मध्यातून वर चढणाऱ्या मुख्य लसिकावाहिनीला चालना मिळते, म्हणून पोटाचा श्वास. माझ्या उजव्या काखेतील ग्रंथी काढलेल्या असल्याने उजव्या हाताच्या लसिकेला तिथली वाट अपुरी होती. तिला छातीवरून डाव्या काखेकडे आणि कुशीवरून खाली उजव्या जांघेकडे वळवायचे होते. त्या दोन्ही ठिकाणच्या ग्रंथी आधी जाग्या केल्या, की मग उरतो तो रस्ता.

तो रस्ता तयार करताना मॅडमचे हात छातीवरून इंचाइंचाने उजवीकडून डावीकडे सरकत होते. रेडिएशनने कडक आणि काळवंडलेल्या त्वचेचा पट्टा आला, की तिच्यावर ताण न देता त्या वळसा घालून पुढे जात. मग मला डाव्या कुशीवर वळवून त्यांनी पाठ आणि खवाटा घेतला. आणि शेवटी हात. तोही आधी दंड, मग कोपर, मग पुढचा भाग आणि सर्वांत शेवटी पंजा व बोटे. वरचा भाग मोकळा झाल्याशिवाय खालचा हलवायचा नाही, हा क्रम त्यांनी कधीही मोडला नाही.

हा हात किती हलका असतो, हे अनुभव घेतल्याशिवाय लक्षात येणे कठीण आहे. बहिणीने पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून सगळे पाहिले आणि बाहेर आल्यावर तिने विचारले, "ताई, त्यांनी नक्की केलं काय?" केले होते ते असे: सर्वांत बारीक लसिकावाहिन्या त्वचेच्या अगदी खाली असतात, त्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींशी बांधलेल्या असतात. त्वचा हलकेच ताणली की ते तंतू ओढले जातात, पेशींच्या मधल्या फटी उघडतात आणि बाहेरचा द्रव आत शिरतो. ताण सोडला की फटी मिटतात आणि द्रव पुढे सरकतो. जोराने दाबले, तर याच नाजूक वाहिन्या चेपल्या जातात. मोठ्या लसिकावाहिन्यांना झडपा असतात आणि त्या स्वतःच संथपणे आकुंचन पावत असतात, म्हणून हाताची लयही संथच हवी. त्वचा लाल झाली तर दाब जास्त झाला, एवढी सोपी खूण मॅडमनी मला सांगून ठेवली होती.

या पद्धतीचे जनक म्हणून एमिल वोडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड वोडर या डॅनिश दांपत्याचे नाव घेतले जाते. १९३० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान येथे काम करत असताना, जुनाट सर्दीने मानेतील ग्रंथी सुजलेल्या रुग्णांवर त्यांनी हे हलके, वर्तुळाकार स्पर्श वापरून पाहिले. त्या काळी सुजलेल्या ग्रंथींना हात लावू नये असा प्रघात होता. १९३६ मध्ये पॅरिसमधील एका प्रदर्शनात त्यांनी ही पद्धत लोकांसमोर ठेवली. पुढे जर्मनीत योहानेस आस्डोंक आणि मिखाएल फोल्डी या डॉक्टरांनी तिला वैद्यकाचा पाया दिला, आणि फोल्डींनी तिच्याबरोबर दाबपट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची सांगड घातली. आज लिम्फिडिमावरचा प्रमाण उपचार मानला जातो, तो या चार गोष्टी मिळून होणारा उपचार.

ही सांगड महत्त्वाची आहे, कारण नुसत्या स्पर्शाने माझा हात उतरला असे मी म्हटले, तर ते खरे होणार नाही. प्रत्येक वेळी हात मोकळा झाल्यावर मॅडम त्याला बँडेज बांधत: आधी सुती नळीसारखे कापड, मग प्रत्येक बोटाला जाळीची अरुंद पट्टी, मग मऊ पॅडिंग आणि त्यावर कमी ताणली जाणारी बँडेजे एकावर एक. दाब पंजाशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी कमी होत जाणारा. अशी पट्टी हात स्वस्थ असताना फारशी आवळत नाही, पण हाताने काम करू लागले की स्नायू फुगून तिच्यावर आपटतात आणि आतला द्रव वर ढकलला जातो. म्हणून बँडेज बांधलेला हात गळ्यात अडकवून न ठेवता तो वापरायचा असतो. मी मूठ उघडमीट करत असे, कोपर वाकवत असे, बहिणीच्या घरी कपड्यांच्या घड्या घालत असे. दिवस उन्हाळ्याचे होते. बँडेजच्या आत हात घामाने भिजे, खाज सुटे, रात्री कूस बदलता येत नसे. उपचाराचा सर्वांत कष्टाचा भाग कोणता असे कोणी विचारले, तर तो हाच. बोटे बधिर किंवा निळसर झाली तर बँडेज ताबडतोब काढायचे, ही सूचना बहिणीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावली होती.

सूज कमी होण्यात मोठा वाटा या दाबाचाच असतो. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये अशा रुग्णांवरील चाचण्यांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचाही रोख असाच आहे: हाताने केलेला लसिका-निचरा सुरक्षित आहे, आणि दाबपट्ट्यांच्या जोडीने केल्यास, विशेषतः सूज सौम्य किंवा मध्यम असताना, तो सूज उतरण्यात थोडी भर घालू शकतो. हा आढावा वाचून माझा उपचारावरचा विश्वास कमी झाला नाही. उलट कशाकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळले, आणि बँडेजचा कंटाळा करून नुसत्या सुखद स्पर्शावर विसंबणे किती चुकीचे ठरेल हेही कळले.

तरीही त्या स्पर्शाने जे दिले त्याची नोंद मला करायलाच हवी. टेपवर आकडे हळूहळू उतरले, पण ठणका त्याआधी उतरला. उपचार चालू असताना खवाट्यापासून मनगटापर्यंत ताणून धरलेले काहीतरी सैल पडल्यासारखे होई. शस्त्रक्रियेनंतर तो खांदा मी नकळत पुढे ओढून धरत आले होते, तो आपोआप मागे टेके. बऱ्याचदा शेवटी शेवटी मला डोळा लागे. त्या काळात रात्रीची झोपही सुधारली. कर्करोगानंतर मध्यरात्री दचकून जाग येण्याची जी सवय जडली होती, ती विरळ झाली. ही सुधारणा निचऱ्यामुळे झाली, खोल श्वासांमुळे झाली, की रोज तासभर कोणीतरी माझ्या शरीराशी इतक्या जपून वागले त्यामुळे झाली, याची फारकत मी करू शकत नाही आणि करण्याची मला गरजही वाटत नाही.

बाहेरच्या बाकावर बसलेल्यांमध्ये सगळ्या कर्करोगातून उठलेल्या स्त्रिया नसत. चंद्रपूरकडचे एक काका आपल्या मुलाबरोबर येत. त्यांना तरुणपणी हत्तीरोग झालेला होता आणि एक पाय गुडघ्याखाली खोडासारखा कडक झाला होता. विदर्भातील अनेक जिल्ह्यांत डासांमार्फत पसरणारा हा रोग अजूनही आढळतो, आणि त्यातला कृमी लसिकावाहिन्यांनाच निकामी करतो. म्हणजे कारण वेगळे असले तरी तुंबारा तोच. काकांच्या पायाला निचऱ्याच्या आधी बराच वेळ नुसते धुणे, पुसणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे आणि मलम लावणे चाले, कारण त्वचेच्या चिरांतून होणारा संसर्ग हा त्यांचा मुख्य शत्रू होता. मॅडम ते काम स्वतः खाली बसून करत. त्या पायाला घरच्यांखेरीज कोणी हात लावत नाही, असे त्यांचा मुलगा एकदा बहिणीला म्हणाला होता.

पहिला टप्पा संपला तेव्हा कोपराखालचा फरक ३.५ वरून १.५ सेंटिमीटरवर आला होता. मग मापे घेऊन माझ्यासाठी स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची दाब देणारी घट्ट बाही, मागवली, पाऱ्याच्या २३ ते ३२ मिलिमीटर दाबाची, पंजाच्या भागासह. लिम्फिडिमा मुळातून बरा होत नाही. तो आटोक्यात ठेवावा लागतो, आणि त्याचे काम यापुढे माझे होते. शेवटच्या आठवड्यात मॅडमनी मला स्वतःच्या हाताने करण्याचा सोपा निचरा शिकवला: मानेचे खळगे, पोटाचे श्वास, डावी काख, छातीवरचा रस्ता, कुशीवरून जांघेकडे. माझ्या हाताला सुरुवातीला घाई फार होती. "सावकाश ताई, आपल्याला कुठे जायचंय?" असे म्हणत त्या माझ्या मनगटावर बोटे ठेवून लय सांभाळत. सकाळी स्लीव्ह चढवण्याआधी आणि रात्री ती काढल्यावर मी हे आजही करते.

त्वचेची निगा हाही त्या कामाचाच भाग आहे. विळीवर भाजी चिरताना, कढईत तळण सोडताना, तुळशीची माती उकरताना मी हातमोजा घालते. उजव्या हातात घट्ट बांगड्या भरत नाही. डास चावला तरी ती जागा जंतुनाशकाने पुसते. रक्तदाब डाव्या हातावर घ्या, सुई डाव्या हाताला टोचा, हे प्रत्येक दवाखान्यात आधी सांगते. मात्र हात जपायचा म्हणून तो कामातून काढून घेतलेला नाही. पूर्वी असा हात हलवूच नये, वजन उचलूच नये असे सांगत. आता हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, अगदी वजने उचलण्याचासुद्धा, स्लीव्ह घालून आणि देखरेखीखाली केला तर चालतो, असे मानले जाते. मी पुन्हा फळ्यावर लिहिते, मधल्या सुट्टीत हात उंच धरून मूठ उघडमीट करते, आणि चौथीच्या मुली कधी कधी माझ्याबरोबर तेच करतात.

अलीकडे ब्यूटी पार्लरमध्ये आणि स्पामध्ये लिम्फॅटिक ड्रेनेज हे शब्द मोठ्या अक्षरांत दिसू लागले आहेत. शरीरातील विष निघते, वजन उतरते, चेहरा उजळतो असे दावे त्यांखाली असतात. निरोगी माणसाला असा हलका स्पर्श सुखावत असेल, तर त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या स्त्रीच्या काखेतील ग्रंथी काढलेल्या आहेत, तिने तेथे हात सुजला म्हणून जाऊ नये. कोणत्या बाजूला वळवायचे, कोणता पट्टा टाळायचा, केव्हा हात लावायचाच नाही, हे शरीररचना शिकलेल्या आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीलाच कळते. प्रशिक्षण कोठे घेतले, बँडेज बांधता येते का, आणि माप घेऊन लिहून ठेवता का, हे तीन प्रश्न उपचार घेण्याआधी निःसंकोच विचारावेत.

आणि माप शस्त्रक्रियेच्या आधीच घेतले जावे. माझ्या दोन्ही हातांचे घेर तेव्हा कोणीतरी मोजून ठेवले असते आणि दर तीन-चार महिन्यांनी ते पडताळले असते, तर ठणका लागला त्या काळातच, खळगा पडण्याच्या कितीतरी आधी, हे उपचार सुरू होऊ शकले असते. सूज सकाळी उतरत असते त्या अवस्थेत ती आवरणे सर्वांत सोपे असते. ज्यांच्या घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टची एक भेट मागून घ्यावी. ती भेट न मिळाल्यास घरातील शिंप्याची टेप घेऊन दोन्ही हातांवर मनगटापासून दर चार सेंटिमीटरचा घेर मोजावा आणि तारीख घालून तो कागद फाइलमध्ये लावून ठेवावा.